समुद्राकडे पाठ करून

बँकेतल्या शेवटच्या दोन वर्षांत मी पे-इन स्लिपच्या कोऱ्या बाजूवर घराचं चित्र काढत असे. मोठी खिडकी, खिडकीत समुद्र, समुद्रात मावळता सूर्य आणि अलीकडे आरामखुर्चीत पाय पसरून बसलेला मी. अशी पन्नासेक घरं मी काउंटरच्या आड बांधली. दर वेळी हात आपोआप दोन डोंगर काढायला जायचा, कारण शाळेत सूर्य डोंगरातूनच उगवतो आणि चित्रकलेचं आमचं शिक्षण तिथेच थांबलं. डोंगर खोडून समुद्र केला की घर पूर्ण. वेळ तीन मिनिटं, खर्च शून्य, कर्ज नाही. यापेक्षा पर्यावरणपूरक घर नंतर मला बांधता आलं नाही.

खरं म्हणजे आमचं कोकणात घर होतंच. दापोली तालुक्यातल्या एका गावात पणजोबांनी बांधलेलं, चिऱ्याच्या भिंतींचं, कौलारू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं, त्यात ते पडलं. ‘आमचं घर निसर्गमध्ये गेलं’ असं आम्ही सांगतो आणि लोक हळहळतात. हळहळ घेताना मी मान खाली घालतो, ती दुःखाने नव्हे. वादळ आलं तेव्हा त्या घरात पाडण्याजोगं फार काही उरलेलंच नव्हतं. अकरा वर्षांत कोणी कौलं चाळली नव्हती. एक कौल सरकतं, तिथून पाणी रिपेवर पडतं, रीप कुजते, ओल वाशात जाते आणि वाशाला वाळवी लागते. वाळवीचा कारभार मला बँकेतला माणूस म्हणून चांगला समजतो. बाहेरून खातं व्यवस्थित दिसतं, आत शिल्लक काही नसते. वादळाने फक्त शेवटची सही केली.

निवृत्तीनंतर ती जागा माझ्या वाट्याला आली आणि मी पुण्याच्या एका आर्किटेक्ट मुलीला गाठलं. नैसर्गिक साहित्यात घरं बांधण्यात तिचं नाव आहे असं ऐकलं होतं. वयाने माझ्या मुलीएवढी. जागेवर आली आणि दिवसभर काहीच बोलली नाही. होकायंत्र, दोरी आणि पाण्याची बाटली घेऊन नुसती इकडून तिकडे फिरत राहिली. संध्याकाळी मी माझी पे-इन स्लिप तिच्यापुढे ठेवली.

तिने ती सरळ धरून पाहिली, मग उलटून शिक्का पाहिला आणि विचारलं, “काका, यात समुद्र आहे. जागेवर कुठे आहे?”

मी पश्चिमेला बोट केलं. तिकडे आमची माडांची वाडी, तिच्यापलीकडे कुणाची तरी पोफळी आणि त्यापलीकडे सुरूचं बन.

“ऐकू येतो की!” मी म्हणालो.

आमची जागा समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या थोडी पलीकडे आहे. हे अंतर कामाचं निघालं. केंद्र सरकारने १९९१ साली किनारी नियमन क्षेत्राची, म्हणजे सगळे ज्याला सीआरझेड म्हणतात त्याची, अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतची जमीन त्या नियमांत आली आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवं बांधकाम जवळजवळ बंद झालं. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नियम बदलले. आमच्या पणजोबांनी मात्र ही अधिसूचना निघण्याच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधीच पाळून ठेवली होती. मला वाटलं, केवढी दूरदृष्टी! आत्या म्हणाली, “दूरदृष्टी कसली? समुद्राकाठची जागा भावाने घेतली, यांना ही मिळाली.”

चित्रातली खिडकी पश्चिमेला असावी हा माझा एकच हट्ट होता. मुलीने बोटांवर मोजून दाखवलं. “पश्चिमेकडून इथे तीन गोष्टी येतात काका. दुपारचं ऊन, पावसाची झड आणि खारा वारा. सूर्यास्त चौथा. तो वर्षातून आठ महिने, रोज पाच मिनिटं.”

मग तिने मला गावातून फिरवून आणलं. माझ्याच गावातून, आणि तेही मला माहिती देत. किनाऱ्यावरची आमची जुनी गावं बघा, मुरुड घ्या, केळशी घ्या, गुहागर घ्या. मधून रस्ता, रस्त्याला तोंड करून घरं आणि घरामागे लांबच लांब वाडी, ती समुद्राच्या दिशेने गेलेली. म्हणजे माणसं समुद्राकडे पाठ करून बसलेली. ज्यांचा जन्म समुद्राकाठी गेला त्यांना समुद्र बघायचा नव्हता. त्यांना तो अडवायचा होता. आधी वाळूची टेकाडं, त्यावर केवडा, मग माड, मग पोफळी आणि मग घर. इतक्या जणांच्या हातून गाळून आलेला वारा तेवढा घरात घ्यायचा.

उन्हाचंही तसंच. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्याला छप्पर पुरेसं आहे. पण दुपारी चारचा सूर्य तिरपा आत घुसतो. छप्पर कितीही पुढे काढलं तरी तो खालून वाकून बघतोच. त्याला भिंत अडवते, पडवी अडवते किंवा फणस अडवतो. तेव्हा पश्चिमेला जाड भिंत, तिच्याबाहेर पडवी आणि पडवीबाहेर फणस, असा तिहेरी बंदोबस्त ठरला. माझी आरामखुर्ची पूर्वेच्या ओटीवर गेली. तिथून समोर रस्ता दिसतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला मी दिसतो.

गावात बातमी पसरली की बँकेतला साहेब मातीचं घर बांधतोय. पहिले काही दिवस लोक सहानुभूतीने बोलले. ‘पेन्शन सुरू झाली ना?’ एवढंच हळू आवाजात विचारायचे. गावात ज्याचा मुलगा आखातात गेला त्याने स्लॅब टाकला, ज्याची आंब्याची बाग फळली त्याने वर दुसरा मजला चढवला. निळ्या काचा, स्टीलचं रेलिंग, पोर्चमध्ये टाइल्स. आता चिरा आणि कौलं म्हटलं की त्यांना आठवतं गळणं, शेणकाला आणि चुलीचा धूर. शेजारच्या आप्पांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, “भाऊ, काही अडचण असेल तर बोला. सोसायटीत आपली ओळख आहे.”

अडचण मी नाही, आप्पांनीच सोडवली. ते त्यांचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधत होते. त्यातले सागाचे खांब, ऐनाच्या तुळया आणि वासे आम्ही विकत घेतले. शंभर वर्षं चुलीच्या धुरात मुरलेलं लाकूड. त्याला वाळवीसुद्धा तोंड लावताना विचार करते. त्या पैशांतून आप्पांच्या स्लॅबची सळई आली. अशा रीतीने माझ्या पर्यावरणपूरक घराने एक काँक्रीटचा बंगला उभा केला. हिशेब मी बँकेतल्या सवयीने दोन्ही बाजूंनी मांडतो, म्हणून सांगितलं.

तरी स्लॅबबद्दल एक गोष्ट सांगतो, आप्पांच्या कानावर जाऊ देऊ नका. खाऱ्या हवेत मीठ असतं. ते काँक्रीटच्या बारीक भेगांतून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि फुगताना वरचं काँक्रीट ढकलून पाडतं. समुद्राकाठच्या कुठल्याही वीस-पंचवीस वर्षांच्या बंगल्यात माडी चढताना वर बघा. छतातून सळया बरगड्यांसारख्या दिसत असतात. चिऱ्याच्या भिंतीत लोखंडच नाही, तर गंजणार काय?

चिरा म्हणजे जांभा दगड. ही मोठी गमतीची चीज आहे. खाणीत असतो तेव्हा मऊ, पात्याने कापता येतो. बाहेर काढून हवा लागली की कडक व्हायला लागतो. माणसाचं उलट असतं, कोकणाची हवा लागली की सैलावतो. एकेक चिरा तीसेक किलोचा. आमचा गवंडी तो कडेवर मूल घ्यावं तसा उचलायचा. पहिल्याच दिवशी मी श्रमदान म्हणून एक उचलला आणि उरलेला आठवडा आर्किटेक्टने जे जे दाखवलं ते मी झोपून पाहिलं.

पण चिरा नैसर्गिक म्हणून निष्पाप, असंही नाही. तो सड्यावरून येतो. सडा म्हणजे आमच्याकडची उघड्या कातळाची पठारं. पावसाळ्यात त्यांवर इवल्या फुलांचे गालिचे येतात आणि रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर तर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. चिरेखाण लागली की सड्याचा तेवढा तुकडा कायमचा जातो. मुलीने मला त्या खाणीच्या काठावर नेऊन उभं केलं. खाली चौकोनी खड्डा, जणू जमिनीतून कोणी वडी कापून नेलेली. “म्हणून जुने चिरे आधी वापरायचे,” ती म्हणाली. आमच्या पडक्या घराचे चिरे एकेक करून मोजले. अर्ध्याहून जास्त भिंत त्यांतच निघाली. नव्या घरातले जुने चिरे काळपट दिसतात आणि नवे लाल. भिंत पांढऱ्या केसांवर अधूनमधून मेंदी लावल्यासारखी दिसते.

चिरे बसवायला सिमेंट नको, चुना हवा, असं ठरलं. चुना श्वास घेतो, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत सावकाश दगड होतो. ‘सावकाश’ हा शब्द मी ऐकला, पण मनावर घेतला नाही. चुना भिजवून मुरवत ठेवायचा, मग त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी. गवंड्याने हे सगळं आजोबांकडून ऐकलं होतं, केलं कधीच नव्हतं. तो म्हणाला, “करू नं भाऊ. चुकला तं भिंतच पडंल.”

मी दापोलीहून दहा किलो गूळ आणला. तिसऱ्या दिवशी मुलीने हिशेब मागितला. चुन्यात गेला होता चार किलो. उरलेल्याचा तपास केला. गड्यांचा सकाळचा चहा गुळाचा, दुपारचा चहा गुळाचा आणि संध्याकाळी निघताना शेंगदाण्यांबरोबर खडा. गवंडी शांतपणे म्हणाला, “भाऊ, चुन्यात जातो तो भिंत धरतो, माणसात जातो तो थापी धरतो.” ऑडिटमध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला याच्यावर शेरा मारता आला नाही. बाकी जो हिशेब लागला नाही तो मुंग्यांनी लावला. आठवडाभर त्या भिंतीवर रांग होती.

छपराला मंगलोरी कौलं. मी सगळ्यांना अभिमानाने सांगत होतो, अगदी आपलं पारंपरिक. तर मुलीने सांगितलं की हे कौल जर्मन मिशनऱ्यांनी आणलं. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कारखाना काढला आणि तिथून ते सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. त्याआधी आपल्याकडे हाताने थापलेले नळे नाहीतर गवत आणि झापं. म्हणजे कोणे एके काळी आमच्याच गावात कोणीतरी म्हातारा पडवीत बसून कुरकुरला असणार की काय हे विलायती थेर, आपले नळे काय वाईट होते? आजची परंपरा म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची निळी काच. हे कळल्यापासून आप्पांच्या बंगल्याकडे मी जरा मवाळ नजरेने बघतो.

मुलीला लॉरी बेकर देवासारखे. इंग्लंडातून आलेले आणि केरळात राहून माती, वीट आणि चुन्यात स्वस्त, देखणी घरं बांधलेले. आदर्श घराचं साहित्य पाच मैलांच्या आतलं असावं, ही गांधीजींची कल्पना बेकरांनी आयुष्यभर मनावर घेतली, असं तिने सांगितलं. मी लगेच यादी केली. चिरा दोन मैल. लाकूड शेजारच्या आवारातून. माती जागेवरची. कौलं, चुना आणि विजेची तार लांबून. सगळ्यांत लांबून, पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवरून, पेट्रोल जाळत महिन्यातून चार वेळा येणारं साहित्य म्हणजे मी. तो आकडा यादीतून गाळावा अशी सूचना मी केली. ती मान्य झाली नाही.

इथवर सगळं कसं गोड चाललं होतं. मग आत्या आली.

आत्या ब्याऐंशी वर्षांची. त्याच घरात जन्मलेली, तिथूनच लग्न होऊन गेलेली. मला वाटलं होतं, चिऱ्याच्या भिंती बघून तिचे डोळे भरून येतील. तिने चौथऱ्यावर उभं राहून नकाशा ऐकून घेतला. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर. मी म्हणालो, “आत्या, जमीन शेणाने सारवलेली. अगदी आजीच्या वेळची.”

“सारवणार कोण?” आत्या म्हणाली.

सगळ्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आर्किटेक्टकडे पाहिलं. आर्किटेक्ट म्हणाली, “काका, आतमध्ये कोबाही छान दिसेल.”

“आणि उजेड कुठून येणार?” आत्याने पुढचं विचारलं. “तुम्ही सगळे सुट्टीत ओटीवर लोळायचात म्हणून तुम्हांला घर आठवतं. आमची आई माजघरात आणि चुलीपाशी राहिली. दुपारी बारा वाजता तांदूळ निवडायला चिमणी पेटवावी लागायची. वर काचेचं एक कौल होतं, त्यातून कवडसा पडायचा. तो जात्यापाशी आला की साडेअकरा, उंबऱ्याला लागला की दोन. तेवढाच तिचा सूर्य. पावसात तोही नाही. जुन्या घराचं कौतुक करतात त्यांच्यातलं कोणी त्या अंधारात भाकऱ्या भाजलेलं नसतं.”

चौथऱ्यावर कोणी बोललं नाही. मुलीने वही काढली आणि त्या दिवसापासून तिचा क्लायंट मी राहिलो नाही, आत्या झाली.

आत्या बोलली ते कोकणी घराचं खरं कोडं आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि तोही आडवा. त्याला अडवायचं तर वळचण खाली हवी, इतकी की आत शिरताना वाकावं. पण जी वळचण पाऊस अडवते तीच उजेडही अडवते. पडवीच्या आत माजघर, माजघराच्या आत स्वयंपाकघर. तिथे पोचेपर्यंत उजेडाची दमछाक होते. साधारण हिशेब असा की खिडकीच्या माथ्याची जमिनीपासून जेवढी उंची, तिच्या दुप्पट-अडीचपट आतपर्यंतच कामाचा उजेड पोचतो. त्यापुढे नुसता उजेडाचा भास.

मुलीने छप्पर दोन पायऱ्यांत तोडलं. मधला भाग हातभर वर उचलला आणि मधल्या फटीत उत्तर-दक्षिण बुटक्या झडपा बसवल्या. गरम हवा वरून बाहेर, उजेड वरून आत. आतल्या भिंतींना चुन्याची पांढरी सफेदी, म्हणजे आलेला उजेड भिंतीभिंतींवरून पुढे सरकत जाईल. आणि चुलीच्या ओट्यावर काचेची दोन कौलं. मी म्हणालो, दोनच? तेव्हा तिने जे सांगितलं ते मला फार आवडलं. आभाळ पूर्ण ढगाळ असतं तेव्हा ते सगळीकडे सारखं उजळ नसतं. क्षितिजापेक्षा डोक्यावर सुमारे तिप्पट उजळ असतं. म्हणून आषाढातल्या काळोख्या दिवशी बाजूची मोठी खिडकी जे देत नाही ते छपरातलं लहानसं कौल देतं. पणजोबांच्या सुताराला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण कौल त्याने बरोबर जागी बसवलं होतं. फक्त एकच बसवलं होतं.

यातून मी माझा निष्कर्ष काढला. दोन कौलांनी इतका उजेड, तर नऊ कौलांनी किती? मुलगी पुण्याला गेलेली असताना मी कौलं बसवणाऱ्याला परस्पर सांगून स्वयंपाकघरावर नऊ काचेची कौलं बसवून घेतली. जानेवारीत घर देखणं दिसलं. मी येईल त्याला आत नेऊन दाखवत होतो. मे उजाडला. आमच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. त्या दिवशी साडेबाराला आमच्या ओट्यावर नऊ कवडसे एकदम उतरले. लोण्याच्या वाटीत तूप झालं. कणीक भिजवता भिजवता बायकोने डोक्याला टॉवेल बांधला, मग गॉगल लावला आणि मग बाहेर येऊन मला म्हणाली, “अहो, आज भाकरी तव्यावर भाजू की नुसती ओट्यावर ठेवू?”

सात कौलं काढली. एक देवघरावर गेलं, एक न्हाणीघरावर. उरलेली पाच पडवीत उभी आहेत, कोणाला हवी असतील तर न्यावीत.

पहिल्या पावसाळ्यात घराने आमची परीक्षा घेतली. पागोळ्यांचा पडदा, कोब्यावर गारवा, झड अडवायला पडवीला बांधलेली झापं. न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळींना. भर दुपारी आषाढात दिवा न लावता आत्याने माजघरात बसून तांदूळ निवडले. मी विचारलं, “आता कसं वाटतंय?” ती म्हणाली, “कोपऱ्यात केर दिसतोय.”

घराची तपासणी नगररचना खात्यापेक्षा कडक कोणी केली असेल तर ती वानरांनी. सकाळी आठला त्यांची टोळी आप्पांच्या आंब्यावरून आमच्या छपरावर उतरते. प्रत्येक उडीला दोन कौलं. गावातले लोक कौलं सोडून पत्रे आणि स्लॅबकडे का गेले, याचं एक कारण कुठल्याही सेमिनारमध्ये सांगत नाहीत. ते कारण शेपूट उडवत आमच्या आढ्यावर बसलेलं असतं.

पुण्याहून पाहुणे येतात. “काय गारवा आहे! एसी कुठे लपवलाय?” असं विचारतात. चिऱ्यावर हात फिरवतात, काचेच्या कौलाखाली उभं राहून फोटो काढतात. ‘टिकाऊ’ हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतो. एकाने विचारलं, “हे किती वर्षं टिकेल हो?” मी आर्किटेक्टने शिकवलेलं सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून गवंड्याचा आवाज आला. “भाऊ येतील तवर.”

त्याचा अर्थ मला मेमध्ये कळला. पाऊस यायच्या आधी घर शाकारावं लागतं. सगळी कौलं चाळायची, फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, त्यांच्याखाली साठलेला पाला झाडायचा. हे दर वर्षी, चुकवता येत नाही. चिरा कितीही जुना असो, चुना कितीही गोड असो, एक वर्ष चुकलं की एक कौल, दोन वर्षं चुकली की एक रीप आणि अकरा वर्षं चुकली की निसर्ग. कौलं चाळणारी पोरं आता मुंबईला आहेत. गावात राहिलेला एक म्हातारा सुतार, सत्तरीचा. तो वर चढला आणि मला म्हणाला, “साहेब, खालून कौलं देयाला कोन? या वरती.”

शिडी बायकोने धरली. गुडघ्यांनी आक्षेप नोंदवला, तो मी फेटाळला. “जिथं कौलावर कौल चढतं नं, तिथं पाय द्या, खाली रीप हाय,” सुतार सांगत होता. “मध्ये नका देऊ, माजघरात उतराल.” एकेक पाऊल टाकत, चार पायांवर, वानरांनी मान वळवून बघावं अशा पद्धतीने मी आढ्यापर्यंत पोचलो. आढ्याला धरून मान वर केली.

माडांच्या शेंड्यांवरून, सुरूच्या बनापलीकडे, अख्खा समुद्र दिसत होता.

“काय झालं? थांबलात का?” खालून आवाज आला.

“समुद्र दिसतोय!”

“बरं. ती डावीकडची चार कौलं राहिली आहेत.”

तेव्हा आमच्या घरातून समुद्र दिसतो. वर्षातून एक दिवस, आढ्यावरून, हातात कौल असताना. आरामखुर्चीला तिथे जागा नाही. ज्यांना कोकणात नैसर्गिक साहित्याचं, उजेडाचं, टिकाऊ वगैरे घर बांधायचंय, त्यांनी नकाशे बघायला पुण्यात येण्यापेक्षा मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे यावं. दोन माणसं कमी पडतात, एक शिडी धरायला आणि एक कौलं द्यायला. जेवण आणि आंबे आमच्याकडे. जाताना पडवीतली काचेची पाच कौलंही न्या, पण त्यांतली दोनच बसवा.